उपरण्याखालचा सौदा

९ डिसेंबर १९४६, निपाणी

डॉ. याळगींनी रोजचे दुखणे लिहून ठेवायला सांगितले आहे, म्हणून ही वही. बेळगावला मुलींच्या शाळेत मी एकोणतीस वर्षे मुख्याध्यापिका होते. 'बोचल्यासारखे', 'ठणकल्यासारखे' असली विशेषणे मला जमणार नाहीत. मी गुण देईन. शंभरपैकी. पस्तीसच्या खाली गेले तर दुखणे नापास.

आज ७१. पहिला वर्ग.

हकीकत अशी. तीन वर्षांपूर्वी उजवा स्तन काढला, तेव्हा विषय संपला असे मी धरून चालले होते. दसऱ्यापासून कंबर धरली. मी खाटेला दोष दिला. गोपाळने तीन खाटा बदलल्या. गोपाळ माझा धाकटा भाऊ, तंबाखूचा व्यापारी. त्याची बायको गेली तेव्हा त्याची मुलगी नीला तीन वर्षांची होती; ती बेळगावला माझ्याजवळच वाढली. मी नोकरी सोडल्यापासून याच घरी असते.

काल बेळगावला क्ष-किरणांचा फोटो काढला. डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले, "बाई, कॅन्सर हाडांत उतरलाय. मणक्यात आणि खुब्यात."

"वर्गाकडे तोंड करून बोला," मी म्हटले.

त्यांनी तोंड वळवले. डोळे लाल होते. जागरण झाले असावे. त्यांची बायको माझी विद्यार्थिनी. तिलाही जागरणाची खोड होती.

मग गोपाळ त्यांना बाहेर घेऊन गेला. काचेतून मला सगळे दिसत होते. आमच्या निपाणीत तंबाखूचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटे दाबतात. एक बोट म्हणजे एक, सबंध पंजा म्हणजे पाच. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. लहानपणी बाबा मला वखारीत मांडीवर बसवून हाच खेळ शिकवायचे. गुळाचे खडे किती पाहिजेत ते मी उपरण्याखाली सांगायची. तर गोपाळने उपरण्याखाली हात घालून तो डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनीही हात आत घातला.

गोपाळ परत आला तो राखेसारखा.

"काय बोललात?"

"काय न्हाय गं आक्का. हवापाण्याचं."

हवापाण्यासाठी उपरणे कशाला लागते?

१२ डिसेंबर

६८. डॉक्टरांना पुन्हा गाठले आणि सगळे उपाय क्रमाने सांगायला लावले.

पुन्हा कापणे: उपयोग नाही, हाडे किती कापणार. मुंबईला जाऊन मोठ्या यंत्राचे किरण घेणे: उपयोग होईल, पण महिनोन्महिने तिथे राहावे लागेल. तरुण बायकांचे अंडाशय काढतात, पण ते माझ्या वयाला लागू नाही. राहिली दोन नवी औषधे. एक, पुरुषांच्या शरीरातल्या रसाचे इंजेक्शन. दुसरे, बायकांच्या शरीरातल्या रसासारखी गोळी. विलायतेत उतारवयाच्या बायकांना देऊन बघतात.

"म्हणजे परस्परविरुद्ध दोन्ही गोष्टींनी एकच रोग कमी होतो?"

"होतो कधी कधी."

"का?"

"ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही, बाई."

शाळेत एखाद्या मुलीने असे उत्तर लिहिले असते तर मी तिला शून्य दिले असते आणि पालकांना बोलावले असते. पण दुसरा परीक्षक उपलब्ध नाही. हाडांच्या दुखण्याला पहिले बरे पडते म्हणतात, म्हणून इंजेक्शन ठरवले. आठवड्यातून तीनदा, नीला देणार. ती इंटर सायन्स झाली आहे. गेल्या वर्षीच मुंबईला मेडिकलला जायची, पण गोपाळ म्हणाला एक वर्ष थांब. आता येत्या जूनची जागा मिळाली आहे. ती तिथे जाणे आणि मी ते बघणे, यापलीकडे मला या इंजेक्शनकडून काही नको.

"दुष्परिणाम?" मी विचारले.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "थोडी... लव वाढेल. ओठावर. आवाजही जरा बसेल."

"आवाज शाळेतच बसलाय. पुढे?"

"पुढे काही नाही."

१७ डिसेंबर

६९. नीलाने दोन दिवस वांग्यांना पाण्याची इंजेक्शने देऊन सराव केला. मालुबाईने त्याच वांग्यांची भाजी केली. आज प्रत्यक्ष. तिने सुई तीनदा उकळली. मी म्हटले, "वांग्यासाठी एकदाही उकळली नाहीस."

"वांग्यानं मला वाढवलं नाही, आत्या."

हे उत्तर प्रश्नाला धरून नव्हते, पण सुई नीट गेली.

संध्याकाळी सर्वांना बसवून नियम सांगितला. एका वेळी एकच उपचार. दोन झाले तर कशाने गुण आला ते कळणार नाही आणि सगळी मेहनत वाया. गोपाळने मान हलवली. मालुबाईने मान हलवली. मालुबाई कोगनोळीची, सतरा वर्षे आमच्याकडे स्वयंपाकाला आहे. इतक्या लवकर कशालाच मान हलवत नाही. नियम पटला असावा.

११ जानेवारी १९४७

६४. गोपाळने मुंबईहून टपालाने विजेचा पट्टा मागवला. जाहिरातीत लिहिले आहे: संधिवात, निरुत्साह, जुनाट खोकला आणि वैवाहिक निराशा यांवर अक्सीर. मी म्हटले, यातले मला एकही नाही. तो म्हणाला, "हाडाचं काहीतरी हाय की त्यात. बांधून तर बघ."

"नियम काय ठरला?"

"पट्टा म्हणजे औषध न्हवं आक्का. कपडा हाय."

पट्टा परत पाठवायला सांगितला. तो कपाटावर ठेवून गेला. दुपारी पोटाशी मांजर घेऊन झोपावे तसा तो पट्टा पोटाशी बांधून गोपाळ स्वतः झोपलेला दिसला. कशाने कुणास ठाऊक, उठला तेव्हा खूप रडल्यासारखा दिसत होता. विजेचा परिणाम डोळ्यांवर होत असला पाहिजे.

२ फेब्रुवारी

४९. पहिल्यांदाच पन्नासच्या आत. आधाराशिवाय परसात जाऊन आले.

सकाळी मालुबाईला हाक मारली तर ती डोक्यावर पदर घेऊन आली आणि उंबऱ्याशी खाली मान घालून उभी राहिली.

"हे काय?"

तिने वर बघितले. "अगं बया! तुमी व्हय? मला वाटलं गोपाळअण्णांकडं कोन पावनं आल्यात."

आवाज चार सूर खाली गेला आहे. खर्जात बोलावे तसा. नीला म्हणते शोभतो. नीलाला संगीतात गती नाही.

१९ फेब्रुवारी

४१. हे लिहून ठेवण्यासारखे आहे. आमच्या बोळातले गटार दीड वर्ष तुंबलेले आहे. मी नगरपालिकेकडे तीनदा जाऊन आले. 'बघू की बाई' हेच उत्तर. आज तिथला कारकून बोळातून चालला होता. मी खिडकीच्या आतूनच म्हटले, "हे गटार कधी साफ होणार?"

तो जागच्या जागी थांबला. टोपी सारखी केली. "उद्या सकाळी, साहेब."

मी तेच वाक्य उच्चारले होते. शब्द तेच, क्रम तोच. दीड वर्ष मी समजत होते की माझे निवेदन कुठेतरी कच्चे आहे.

२० फेब्रुवारी

३९. गटार साफ झाले.

३ मार्च

३६. ओठावरची लव आता लव राहिलेली नाही. हनुवटीवरही. कात्रीने भागेना. गोपाळ म्हणाला, "मी देतो की करून." त्याने स्वतःच्या गालावर केलेल्या जखमा मी रोज बघते. म्हणून परशराम न्हाव्याला बोलावले.

तो दारात आला आणि धोकटी छातीशी धरून उभाच राहिला. त्याला काय आठवत असेल ते मलाही आठवत होते. मी अकराव्या वर्षी विधवा झाले तेव्हा याचाच बाप असाच धोकटी घेऊन या दारात आला होता, माझे केस काढायला. बाबांनी त्याला पायरीवरून परत पाठवले आणि आठ दिवसांत मला पुण्याला शाळेत घातले. पुढे कॉलेज, बी. ए. सगळे त्या परत पाठवण्यातून निघाले. गावाने बाबांच्या हातचा विडा चार वर्षे घेतला नाही.

"आक्का," परशराम म्हणाला, "आमच्या बापाला न्हाय जमलं ते माज्या नशिबी आलं म्हनायचं."

"तुझा बाप डोक्यासाठी आला होता. तू हनुवटी बघ."

"बाप्यावानी करू का बायामानसावानी?"

"बायामाणसांसारखी हजामत कशी असते?"

त्याने विचार केला. "ते बी खरंच की."

हात हलका आहे त्याचा. दर बुधवारी यायला सांगितले. पायरी उतरताना तो म्हणाला, "अण्णास्नी सांगा, घरात आता दोन गिऱ्हाईकं हायती." गोपाळ हसला. डिसेंबरनंतर प्रथमच हसताना दिसला.

१५ मार्च

२८. नापास! दुखणे नापास झाले. मी बोळाच्या तोंडापर्यंत काठीशिवाय चालत गेले.

आणि त्याच दिवशी घात. दुपारी आमटीत काळी कणी दिसली. मालुबाईला विचारले. ती आधी म्हणाली कोळसा. मग म्हणाली मोहरी. मग पदराला डोळे पुसत म्हणाली, "आमच्या कोगनोळीच्या देवरुशाचा अंगारा हाय. पैल्या दिसापास्नं घालतीया."

"पहिल्या दिवसापासून? नियमाला मान हलवलीस ना?"

"मान हलवली. व्हय म्हनलं न्हवतं."

गोपाळ बाहेरून आला. त्याने ऐकले आणि हळूच सांगितले की मी झोपल्यावर पट्टाही रोज अर्धा तास माझ्या पायांवर ठेवला जात होता. नीलाही यात होती. डॉक्टर होऊ घातलेली मुलगी!

म्हणजे तीन महिन्यांत एकाच वेळी तीन उपचार, आणि निष्कर्ष शून्य. मी तसे सुनावले. त्यावर भांडण जुंपले, पण भलतेच. गोपाळ म्हणे गुण पट्ट्याचा. मालुबाई म्हणे अंगाऱ्याचा.

"आणि या मिशा?" मी ओरडले. खर्जात ओरडल्यावर भांडी वाजतात, हे नवीन कळले.

मालुबाई शांतपणे म्हणाली, "मिशा तुमच्या डाक्टरच्या. आमचा देवरुशी मिशा देत न्हाय. गुन आला तेवढा त्याचा."

अंगारा बंद केला. पट्टा कुलपात. आमटी चांगली झाली होती, तेवढी संपवली.

२८ मार्च

३३. पण आज दुखण्याचा विचार करायला सवड नाही. गोपाळने नीलाचे लग्न ठरवत आणले आहे. चिकोडीच्या मारुतीरावांच्या मुलाशी. तेही तंबाखूवाले. वैशाखातच उरकायचे म्हणतो, पंधरवड्याने ते बोलणी करायला येणार.

"जूनला ती मुंबईला जायची आहे," मी म्हटले.

"लग्न झाल्यावर काय ते बघतील की ते."

"कोण बघतील? वखारीत डॉक्टरीण कशाला लागते?"

तो उपरण्याची घडी घालू लागला.

"एवढी घाई कसली? वैशाखच का?"

"तू हायस तवर..." एवढे बोलला आणि उठून गेला. मी आहे तोवर काय? मी असताना लग्न उरकता येते, तर मी असताना शिक्षण का सुरू होत नाही? बाबांनी एका मुलीसाठी गाव अंगावर घेतला. हा त्यांचाच मुलगा, आणि एका लग्नाच्या मोसमाला नमतो.

नीलाला विचारले, "तुला काय पाहिजे?"

"तुम्ही बऱ्या व्हायला पाहिजेत."

"प्रश्न वाच आणि मग उत्तर दे."

ती रडली. "जायचंय मला, आत्या. पण बाबांना नाही म्हणवत नाही. तुम्ही त्यांचं तोंड बघितलंय का हल्ली?"

मी बघितले. दाढी वाढली आहे. परशरामला त्याच्याकडेही लक्ष द्यायला सांगितले.

७ एप्रिल

५२. पुन्हा वर चालले आहे. खुबा. डॉक्टर गावात आले होते. नीला म्हणाली, "परत दुखतंय वाटतं." डॉक्टर म्हणाले, वाढले असेल तर इंजेक्शने थांबवून गोळ्या सुरू करू, उगीच वेळ घालवायला नको.

"म्हणजे आता उलट्या दिशेने?"

"हो. मिशा गळतील कदाचित."

"आणि आवाज?"

"आवाज बहुधा राहील. पण खात्री देता येत नाही."

मी दुखणे तीस सांगितले. आयुष्यात प्रथमच गुण फिरवले. तेरा तारखेला मारुतीराव येणार आहेत, आणि मला खात्रीचा आवाज हवा आहे. गोळ्या कुठे पळून जात नाहीत.

१३ एप्रिल

५९. सविस्तर लिहिते.

गोपाळने सकाळी पाय धरल्यासारखे करून विनवले, "आक्का, तू माजघरातच बस. पावण्यांना काय सांगू मी... तुझ्या ह्याचं?" 'ह्याचं' म्हणताना त्याने स्वतःच्या ओठावर बोट फिरवले. बुधवारची हजामत होऊन चार दिवस झाले होते. मी पडद्यामागे खुर्ची टाकून बसले.

मारुतीराव मोठ्या आवाजाचे गृहस्थ. चहा झाला. मुलगी बघून झाली. मग म्हणाले, "मग गोपाळराव, वैशाखातला मुहूर्त धरायचा न्हवं?"

मी पडद्यामागून म्हटले, "मुलगी आधी शिकेल."

बाहेर सोप्यावर मारुतीरावांचा अडकित्ता थांबला.

"कोन बोललं?" मारुतीराव हळू आवाजात म्हणाले.

गोपाळ म्हणाला, "थोरले हायत आमचे. बरं नसतंय त्यांना. बाहेर येत न्हाईत."

मारुतीराव चटकन उठून उभे राहिले. पडद्याकडे तोंड करून दोन्ही हात जोडले. "थोरले हायत म्हणून कुणी बोललंच न्हाय की आमाला. आधी पाया पडलो असतो. थोरल्यांचं काय म्हणणं हाय?"

"डॉक्टरीचा अभ्यास पाच वर्षांचा आहे. तो पुरा होईल. लग्नाचे त्यानंतर."

मी खोटे बोलले नाही. स्वतःविषयी एकही वाक्य उच्चारले नाही. हीच वाक्ये मी गोपाळला पंधरा दिवस सांगत होते.

"पाच?" मारुतीराव कळवळले. "पोरगं म्हातारं होईल हो थोरले!" आणि मग व्यापारी जागा झाला. "बरं, असं तोंडानं नको. रीतीनं होऊ दे." त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, पडद्याखालून हात आत सरकवला आणि वर उपरणे पसरले.

मी त्या हाताकडे बघत राहिले. केसाळ, अंगठीवाला. मग माझा हात त्यात दिला.

त्यांनी एक बोट दाबले. मी पंजा दिला. त्यांनी दोन दाबली. मी पंजा. तीन. पंजा. "आमचाबी मान राखा की," ते पडद्यापलीकडून कण्हले आणि चार दाबली. मी सबंध पंजा आवळला तो सोडला नाही. बाबा सांगत, आपला भाव खरा असेल तर बोट हलवायचे नाही. शेवटी त्यांनीही पंजा दिला.

हात बाहेर काढून ते गोपाळला म्हणाले, "थोरल्यांचा हात लई नाजूक हाय हो. पण पकड वखारीतली."

"व्हय," गोपाळ म्हणाला. "पयल्यापास्नं."

पाव्हणे गेल्यावर मी बाहेर आले. मला वाटले आता भांडण होणार. गोपाळला एकदा जरी 'ही माझी बहीण आहे' म्हणता आले असते, सगळे तिथेच फिसकटले असते. तो का म्हणाला नाही कळत नाही. भेदरला असावा. माझ्याकडे बघून फक्त म्हणाला, "थोरल्यांपुढं माझं काय चालणार," आणि जेवायला वाढ म्हणून मालुबाईला हाक मारली. दोनदा भात घेतला.

बाप्यांना एकमेकांचा आवाज ऐकला की बुद्धी येते, एवढेच याचे तात्पर्य.

१४ एप्रिल

६२. सकाळच्या मोटारीने माणूस पाठवून डॉक्टरांना खरे गुण कळवले. गोळ्या सुरू. डॉक्टरांचे उत्तर आले, त्यात सभ्य भाषेत मला मूर्ख म्हटले आहे.

८ मे

६०. आज घरात काय चालले आहे कळेना. गोपाळ वखारीत गेला नाही. सकाळपासून माझ्या खाटेशी स्टूल घेऊन बसला. मी दोनदा हाकलला, दोनदा परत आला. मालुबाईने न विचारता शिरा केला आणि शेजारी बसून मी खाते का ते बघत राहिली. नीला अभ्यास सोडून नाडी बघते. दुपारी डोळा लागला, जाग आली तर देव्हाऱ्यातला गंगेचा गडू माझ्या उशाशी!

"हा इथे कोणी आणला?"

तिघेही भिंतीकडे बघू लागले.

"आज काय आहे?"

"आज..." गोपाळ म्हणाला, "गुरुवार हाय."

दर गुरुवारी हे करणार असाल तर मला परत बेळगावला खोली बघावी लागेल, असे सांगितले.

९ मे

६०. सकाळी उठून बाहेर आले. गोपाळने मला बघितले आणि तोंडावर उपरणे धरून परसात पळाला. थोड्या वेळाने दोन शेर पेढे घेऊन आला आणि बोळात वाटत सुटला. कशाचे म्हणून लोकांनी विचारले तर 'असेच' म्हणे.

११ मे

५८. उलगडा झाला. डॉक्टर आले होते. गोपाळने त्यांना हात जोडले. "डाक्टर, पाच म्हणालता. पाच संपून गेले की!"

"पाच काय?"

"महिने. उपरण्याखाली तुम्ही पंजा दिलता न्हवं का डिसेंबरात?"

डॉक्टरांना आठवायला वेळ लागला. "अहो गोपाळराव, तुम्ही फडक्यातून हात पुढं केलात. मला वाटलं तुमच्याकडची पद्धत असेल. मी शेकहँड केला."

मालुबाई पदर तोंडात कोंबून बाहेर गेली आणि परसात तिचा हसण्याचा आवाज येत राहिला. मग नीला. शेवटी मीही. खर्जात हसले की खुबा दुखतो, तरी हसले.

म्हणजे पाच महिने मी एका शेकहँडच्या हिशेबाने मरत होते! वैशाखाची घाई, गंगेचा गडू, सगळे त्या शेकहँडमधून आले. बाबांच्या पोटी जन्मून, बेळगावच्या माणसाशी उपरण्याखाली सौदा करायला हा जातो. धंद्यात इतका कच्चा असेल असे वाटले नव्हते.

"मग खरं किती?" मी डॉक्टरांना विचारले.

"ते सांगता येत नाही, बाई. खरंच येत नाही."

गोपाळ तेव्हा हसत नव्हता.

३० मे

६३. मारुतीरावांच्या मुलाचे काल संकेश्वरच्या मुलीशी लग्न लागले. उपरण्याखाली पाच वर्षे ठरली होती. दीड महिन्यात सौदा मोडला! मी पत्र लिहून जाब विचारणार होते. नीला म्हणाली, "आत्या, आपल्याला तेच तर हवं होतं." हवे असणे वेगळे आणि रीत वेगळी.

१२ जून

६६. गोळ्यांनी मिशा विरळ झाल्या. परशरामचा बुधवार सुटला. तो तरीही येऊन पायरीवर पान खाऊन जातो. आवाज आहे तिथेच आहे.

नीला जायला तयार नाही. "पुढच्या वर्षी जाईन." डॉक्टरांनी मध्येच सुचवले की मीही मुंबईला जावे, किरण घ्यावेत, नीलाने माझ्याजवळ राहावे. सगळ्यांना फार आवडले. मला नाही. पहिल्या वर्षी तिने शरीरशास्त्र शिकायचे की माझा भात शिजवायचा? मी मुंबईला गेले तर ती तिथे परिचारिका होणार, आणि मी मेल्यावर तिला निपाणीला परत यायला कारण मिळणार.

मी पडद्यामागे जाऊन बसले आणि तिथून म्हटले, "मुलगी जाईल."

नीलाचा आवाज आला, रडवेला, "थोरल्यांचं ऐकायलाच पाहिजे का?"

"हो," गोपाळ म्हणाला. "ह्या घरात तशी रीत हाय."

१९ जून

सकाळच्या सर्व्हिस मोटारीने नीला गेली. पुण्यावरून मुंबई. मी मोटार-स्टँडपर्यंत टांग्यातून गेले. तिने खिडकीतून सांगितले, "इंजेक्शनची पेटी कपाटात वरच्या खणात आहे, मॉर्फियाची चिठ्ठी डॉक्टरांकडे आहे, पट्ट्याची किल्ली बाबांना देऊ नका." सूचना क्रमवार आणि स्पष्ट. मी शिकवलेली मुलगी आहे.

घरी आल्यावर पडून राहिले, संध्याकाळी सोप्यावर बसले. गोपाळ येऊन शेजारी बसला. वखारीत गेला नाही. थोड्या वेळाने खांद्यावरचे उपरणे काढून त्याने आमच्या दोघांच्या मांड्यांवर पसरले आणि आत हात घातला.

"काय विकतोस?" मी विचारले.

"घेतोय," तो म्हणाला.

"डॉक्टरला विचार."

"त्याला सौदा येत न्हाय. म्हणून तुझ्याकडं आलोय."

मी हात आत घातला. तो महिने विचारतो आहे हे मला कळत होते. गेल्या सहा महिन्यांचे गुण माझ्याकडे आहेत, चढ-उतार मला दिसतो. त्यावरून जे खरे वाटले तेवढे दाबले. दोन.

त्याने पंजा दिला.

"बाजार असा चढत नाही, गोपाळ." पुन्हा दोन.

त्याने चार दाबली. मी दोन. तो चारच धरून बसला. मी कुणाला कधी वाढवून गुण दिले नाहीत. एकदा सातवीच्या वर्गात एका मुलीचा बाप रडला होता, तेव्हाही नाही. पण हा ऐकेना. त्याची बोटे तंबाखूने पिवळी झाली आहेत आणि लहानपणी होती तशीच आखूड आहेत. शेवटी मी तीनवर आले. त्याने बराच वेळ विचार केल्यासारखे केले आणि तीन दाबली.

सौदा ठरला की हात सोडायचा असतो, ही बाबांची पहिली शिकवण. गोपाळने सोडला नाही. मालुबाई दिवा घेऊन आली, आमच्याकडे बघितले, आणि दिवा खाली ठेवून परत गेली. "सोड," मी दोनदा म्हटले. खर्जात म्हटले, तरी उपयोग झाला नाही. पन्नाशी उलटली तरी याला धंद्याची रीत नाही. वही मालुबाईकडून मागवून घेतली आणि हे सगळे डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असे.

आज ३४. नापास. कशाने ते सांगता येत नाही. आज नवीन उपचार कोणताच केलेला नव्हता.